संगणकात गोठलेले शब्द : संख्याशास्त्राची परिभाषा आणि भाषांतरकाराचा पेच

१.
संख्याशास्त्रीय आकडेमोडीसाठी ‘आर’ हे सॉफ्टवेअर आज जगभरातील विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत वापरले जाते. त्यात आकडेवारीवर एखादे सरळरेषी समीकरण बसवले, की उत्तराच्या तळाशी एक ओळ उमटते : ‘रेसिड्युअल स्टँडर्ड एरर’. या तीन शब्दांमागे एक विलक्षण कबुली आहे. हे नाव चुकीचे आहे, असे आरच्याच अधिकृत मदतपानावर नोंदवलेले आहे. आणि ते आजवर इतक्या उत्तरांत छापले गेले आहे की आता सहजी बदलता येणार नाही, असेही तेथेच म्हटले आहे.

२.
अशी ओळ मराठीत आणावयाची झाल्यास भाषांतरकाराने काय करावे? मूळ चूक इमानाने मराठीत उतरवावी, की ती दुरुस्त करावी? वरवर पाहता हा शब्दकोशाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर शोधताना सव्वादोनशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. त्यात खगोलशास्त्रज्ञांची निरीक्षणे आहेत, स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे आहेत, इंग्लंडमधील खताचे प्रयोग आहेत आणि कोल्हापूर-साताऱ्यातून केंब्रिज-लंडनला गेलेले दोन मराठी संख्याशास्त्रज्ञही आहेत.

३.
प्रथम सॉफ्टवेअरविषयी. १९६८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, हॅडलाय हल आणि डेल बेंट यांनी समाजशास्त्रीय आकडेवारीसाठी ‘एसपीएसएस’ तयार केले. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ ही भाषा घडवण्यास प्रारंभ केला. तिच्याच धर्तीवर १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ निर्माण केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. खुद्द ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द छापून येण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक, १९५८ सालचे, जॉन टुकी या संख्याशास्त्रज्ञाच्याच लेखातील आहे. ‘बिट’ हा शब्दही टुकींचाच.

४.
आरमधील संदेश अन्य भाषांत दाखवण्याची सोय एप्रिल २००५ मधील २.१.० या आवृत्तीपासून झाली. त्यासाठी ‘गेटटेक्स्ट’ नावाची पद्धत वापरली जाते. सॉफ्टवेअरमधील प्रत्येक इंग्रजी संदेश एका यादीत उतरवला जातो आणि त्याखाली भाषांतरासाठी रिकामी जागा ठेवली जाते. भाषांतरकार ती जागा भरतो. व्यवस्था सोपी आणि सोयीची आहे; परंतु तिच्यात एक अडचण जन्मजात आहे. संदेश आपल्या संदर्भापासून तुटून यादीत येतो. कधी तो पूर्ण वाक्य असतो, तर कधी एकटा, पोरका शब्द.

५.
उदाहरणार्थ, ‘मोड’. दहावीच्या गणिताच्या पुस्तकातून मराठी विद्यार्थ्यास मध्य, मध्यक आणि बहुलक ही त्रयी परिचित असते. त्यांतील बहुलक म्हणजे मोड, अर्थात सर्वाधिक वेळा येणारी संख्या. कार्ल पिअर्सन यांनी १८९५ मध्ये हा शब्द संख्याशास्त्रात रूढ केला. परंतु आरमध्ये ‘मोड’ नावाची जी आज्ञा आहे, तिचा बहुलकाशी काडीचाही संबंध नाही. साठवलेली वस्तू संख्यारूप आहे, अक्षररूप आहे की अन्य कोणत्या रूपाची, एवढेच ती सांगते. यादीत ‘मोड’ दिसताच ‘बहुलक’ लिहिणारा भाषांतरकार शब्दकोशाच्या दृष्टीने बरोबर आणि वाचकाच्या दृष्टीने पूर्णतः चूक ठरतो.

६.
‘लेव्हल’ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात दाखल झाले. तेथे पिकांवर खतांचे प्रयोग चालत. खत हा एक ‘फॅक्टर’, म्हणजे घटक. आणि त्याची कमी, मध्यम वा अधिक मात्रा म्हणजे त्या घटकाची ‘लेव्हल’. येथे ‘पातळी’ हा मराठी शब्द चपखल बसतो. पुढे संगणकात ‘फॅक्टर’ या नावाखाली कोणतेही वर्गीकरण साठवले जाऊ लागले. समजा, जिल्हा हा घटक आहे. मग सातारा, सांगली आणि कोल्हापूर या त्याच्या ‘लेव्हल्स’ झाल्या. त्यांना ‘पातळी’ म्हटले, तर कोणता जिल्हा वरच्या पातळीवर आणि कोणता खालच्या, असा नसता वाद उभा राहील. तेथे ‘वर्ग’ किंवा ‘प्रकार’ हाच शब्द योग्य होय.

७.
आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ‘एरर’ या शब्दाकडे वळता येईल. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील खगोलशास्त्रज्ञ ज्युसेप्पे पियाझी यांना सेरेस हा लघुग्रह दिसला आणि थोड्याच आठवड्यांत तो सूर्यतेजात लोपला. मोजक्या निरीक्षणांवरून जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी त्याची कक्षा वर्तवली आणि वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. अशा गणनांत प्रत्येक निरीक्षणात थोडी चूक गृहीत धरावी लागे. ग्रहाचे खरे स्थान एकच असते. हात हलतो, दुर्बीण डगमगते, नजर चुकते. १८०९ च्या ग्रंथात गाऊस यांनी या चुकांच्या वाटपाचा नियम मांडला. येथे ‘एरर’ म्हणजे खरोखरच चूक होती.

८.
बेल्जियममधील अडॉल्फ केटले हेही मूळचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी हाच नियम माणसांना लावला. ५,७०० हून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे त्यांनी मांडली, तेव्हा निरीक्षणांच्या चुकांसारखाच घंटाकार आलेख उमटला. निसर्ग जणू एका ‘सरासरी माणसा’चा नेम धरतो आणि प्रत्येक व्यक्ती म्हणजे त्या नेमातील लहानमोठी चूक, अशी त्यांची कल्पना होती. गणित जुळले, पण शब्द अवघडला. उंच माणूस ही निसर्गाची चूक कशी म्हणावी?

९.
हा अवघडलेपणा कार्ल पिअर्सन यांनी दूर केला. १८९३ मधील एका व्याख्यानात त्यांनी ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ ही संज्ञा योजली आणि पुढच्या वर्षी ती छापून आली. मराठीत तिला प्रमाण विचलन म्हणतात. तत्पूर्वी याच राशीला ‘एरर’ शब्द असलेली निरनिराळी नावे होती. पिअर्सन यांनी ‘चूक’ काढून ‘विचलन’ आणले. हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. माणसामाणसांतील फरक हा दोष नसून अभ्यासाचा विषय आहे, ही दृष्टी त्या शब्दातून व्यक्त झाली.

१०.
‘एरर’ला मात्र नवे, नेमके काम मिळाले. १८९७ मध्ये उडनी यूल यांच्या लेखनात ‘स्टँडर्ड एरर’ ही संज्ञा आढळते. नमुन्यावरून काढलेला अंदाज किती डळमळीत आहे, हे तिच्यातून कळते. समजा, विद्यार्थ्यांच्या उंचीचे प्रमाण विचलन ६ सेंटिमीटर आहे. १०० विद्यार्थ्यांच्या नमुन्यावरून सरासरी काढली, तर त्या सरासरीची प्रमाण त्रुटी ६ भागिले १०० चे वर्गमूळ, म्हणजे ०.६ सेंटिमीटर. नमुना ४०० चा केला, तर ती ०.३ होते. अधिक माणसे मोजल्याने अंदाज पक्का होतो. पण माणसांच्या उंचीतील फरक काही कमी होत नाही. विचलन तेथल्या तेथे राहते, त्रुटी घटत जाते.

११.
आता आरच्या कबुलीचा अर्थ स्पष्ट होतो. समीकरण बसवल्यावर प्रत्येक निरीक्षण रेषेपासून जेवढे दूर उरते, त्याला अवशेष म्हणतात. आर जी संख्या छापते, ती या अवशेषांचा पसारा दाखवते. नमुना वाढवला म्हणून ती शून्याकडे सरकत नाही. म्हणजेच ती ‘विचलन’ आहे, ‘त्रुटी’ नव्हे. पिअर्सन आणि यूल यांनी जे दोन अर्थ वेगळे केले होते, ते या एका ओळीत पुन्हा एकत्र झाले. एसच्या काळापासून ती ओळ तशीच छापली गेली, पाठ्यपुस्तकांत उतरली, शोधनिबंधांत गेली. आणि चूक ओळखली गेली तेव्हा ती रूढी झालेली होती.

१२.
रूढ झालेले नाव हटत नाही, याचे दुसरे मोठे उदाहरण म्हणजे ‘रिग्रेशन’. फ्रान्सिस गॉल्टन यांनी २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलामुलींची उंची अभ्यासली. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून त्यांनी ती पुरुषांच्या तुलनेत आणली. अतिउंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीकडे थोडी झुकलेली. तसेच अतिठेंगण्या आईबापांचेही, असे त्यांना आढळले. पालक सरासरीपासून जेवढे दूर, त्याच्या सुमारे दोनतृतीयांश अंतरावर मुले. या मागे फिरण्याला त्यांनी आधी ‘रिव्हर्जन’ म्हटले होते. १८८५-८६ मध्ये ‘रिग्रेशन’ म्हटले.

१३.
रेषा बसवण्याची पद्धत मात्र गॉल्टन यांच्या कितीतरी आधीची. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी १८०५ मध्येच लघुतम वर्गांची रीत प्रसिद्ध केली होती. १८९७ मध्ये यूल यांनी गॉल्टन यांची कल्पना आणि ही जुनी रीत यांची सांगड घातली. तेव्हापासून पावसावरून पिकाचा अंदाज असो वा उत्पन्नावरून खर्चाचा, प्रत्येक गणनेला ‘रिग्रेशन’ म्हटले जाऊ लागले. त्यात मागे फिरणे कोठेच नसले, तरी नाव तेच राहिले.

१४.
भारतीय भाषांतील पाठ्यपुस्तकांत या संज्ञेसाठी दोन शब्द आढळतात. एक ‘प्रतीपगमन’, म्हणजे उलट जाणे. दुसरा ‘समाश्रयण’, म्हणजे आश्रय घेणे, अवलंबून असणे. हे दोन शब्द म्हणजे भाषांतराच्या दोन विचारसरणीच होत. पहिला शब्द गॉल्टन यांच्या आईबापांची आणि मुलांची गोष्ट जपतो. दुसरा ती गोष्ट बाजूला ठेवून आजचे कार्य सांगतो : एक चल दुसऱ्यावर कसे अवलंबून आहे. इंग्रजी वाचकास हा पर्याय उपलब्धच नव्हता. त्याला जन्मकथेसकट नाव स्वीकारावे लागले. भाषांतर करणाऱ्या भाषेस मात्र कथा आणि कार्य यांतून निवड करता आली.

१५.
काही शब्दांचा धोका त्यांच्या परिचितपणात असतो. ‘सिग्निफिकंट’ हा त्यांतला अग्रणी. १८८५ मध्ये फ्रान्सिस एजवर्थ यांनी तो संख्याशास्त्रात आणला, तेव्हा एखादा फरक केवळ योगायोगाचा नसून कशाचा तरी निदर्शक आहे, एवढाच त्याचा आशय होता. फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथाने ५ टक्क्यांची सीमा लोकप्रिय केली. पुढे सामान्य इंग्रजीत या शब्दाचा ‘महत्त्वाचा’ हा अर्थ बळावला आणि संशोधनाच्या बातम्यांत दोहोंची सरमिसळ झाली. फार मोठ्या नमुन्यात अगदी क्षुल्लक फरकही या कसोटीवर उतरू शकतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये निवेदन काढून सांगावे लागले, की अशा कसोटीवरून परिणामाचा आकार वा त्याचे महत्त्व कळत नाही.

१६.
आर आपल्या उत्तरात संख्यांपुढे एक, दोन वा तीन तारका छापते आणि त्याखाली त्यांचा खुलासा देते. त्या खुलाशात ‘महत्त्व’ हा शब्द आला, तर तीन तारकांचे औषध एका तारकेच्या औषधापेक्षा अधिक गुणकारी, असा समज वाचकाच्या मनात घर करील. ‘लक्षणीय’ हा शब्द व्युत्पत्तीने जवळचा आहे, कारण लक्षण म्हणजे खूणच. परंतु वृत्तपत्रांतील ‘लक्षणीय वाढ’ म्हणजे मोठी वाढ, अशी त्याची सवय आता कानांस झाली आहे. ‘सार्थ’ हा शब्द त्या मानाने निर्दोष. मात्र तो सर्वत्र एकसारखा वापरला, तरच उपयोगी. एका ओळीत ‘सार्थ’, दुसरीत ‘लक्षणीय’ आणि तिसरीत ‘महत्त्वाचा’ असे आले, तर वाचक तीन वेगळ्या कल्पना शोधू लागेल. ललित लेखनात पुनरुक्ती दोष असेल. परिभाषेत ती कर्तव्य असते.

१७.
‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ ही संज्ञा तर जन्मतःच वादात सापडली. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत येझी नेमन यांनी नमुना सर्वेक्षणावरील निबंधात ती मांडली. ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाऊली यांनी चर्चेतच शंका काढली, की हा ‘कॉन्फिडन्स’ म्हणजे विश्वासात घेऊन फसवण्याचा प्रकार तर नव्हे? नेमन यांचा विश्वास पद्धतीवर होता : हीच रीत पुनःपुन्हा वापरली, तर १०० पैकी सुमारे ९५ वेळा खरे मूल्य त्या अंतरात सापडेल. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे याच काळात लंडनमध्ये संशोधन करीत होते. नेमन यांच्या याच विषयात भर घालणारा त्यांचा निबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भारतातील कृषी सर्वेक्षणांत त्यांनी नमुना पद्धती रुजवली.

१८.
शब्दांचा सर्वांत सूक्ष्म सापळा ‘लाइकलीहूड’मध्ये आहे. बोलीभाषेतील इंग्रजीत ‘प्रॉबेबिलिटी’ आणि ‘लाइकलीहूड’ एकच. १९२१-२२ मध्ये फिशर यांनी त्यांना हेतुपुरस्सर वेगळे केले. नाणे कसे आहे हे ठाऊक असताना छापा पडण्याची शक्यता सांगणे, ही पहिली कल्पना. छापे-काटे समोर असताना नाणे कसे असावे याचा अंदाज तोलणे, ही दुसरी. पहिलीत कारणावरून परिणामाकडे पाहावयाचे, दुसरीत परिणामावरून कारणाकडे. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजमध्ये असताना १९४८ मध्ये याच ‘लाइकलीहूड’च्या समीकरणांवर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्र विभागाची उभारणी १९५३ पासून त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली.

१९.
अन्य भाषांनी येथे वेगवेगळे मार्ग धरले. फ्रेंचांनी ‘व्रेसांब्लांस’, म्हणजे खरेपणाशी साधर्म्य, हा आपला शब्द योजला. जर्मनांनी इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेतला. भारतात मात्र एक चमत्कारिक योग जुळून आला. ‘प्रॉबेबिलिटी’ला मराठीत ‘संभाव्यता’ म्हणतात, हिंदीत ‘प्रायिकता’. आणि ‘लाइकलीहूड’ला हिंदीत ‘संभाविता’ म्हणतात. म्हणजे फिशर यांनी ज्या दोन कल्पना कष्टाने विलग केल्या, त्यांचीच नावे मराठी आणि हिंदीत जवळजवळ सारखी उच्चारली जातात. हिंदी शब्दावली समोर ठेवून घाईने मराठी भाषांतर करणारा येथे हमखास ठेचकाळतो, आणि छापलेल्या मजकुरात ती ठेच कोणास दिसतही नाही.

२०.
परिभाषा निश्चित करण्याचे काम संगणकाच्या आधीपासून चालत आलेले आहे. मॉरिस केंडॉल आणि विल्यम बकलंड यांचा संख्याशास्त्रीय संज्ञांचा कोश १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ मध्ये ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा या प्राचीन शब्दात संख्या आणि निश्चित ज्ञान हे दोन्ही अर्थ कसे सामावतात, याचे विवेचन आरंभीच केले होते. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. इतर विषयांप्रमाणे संख्याशास्त्राचाही परिभाषा कोश त्याने सिद्ध केला. तरीही या शास्त्राचे नावच शालेय पुस्तकात ‘सांख्यिकी’ आणि कोशात ‘संख्याशास्त्र’ असे दुहेरी राहिले. कोश शब्द देतो. तो कोणत्या जागी बसेल, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

२१.
सॉफ्टवेअरने किती मजकूर भाषांतरित करावा, याविषयीही एकमत नाही. एक्सेलने आज्ञांची नावेसुद्धा बदलली : सरासरीची आज्ञा जर्मन आवृत्तीत ‘मिटेलव्हर्ट’, फ्रेंच आवृत्तीत ‘म्वायेन’. फाइल उघडणाऱ्याच्या भाषेप्रमाणे ती आपोआप बदलते. आरने उलट धोरण ठेवले : आज्ञा इंग्रजीच, संदेश मात्र वाचकाच्या भाषेत. पण जुन्या नावांचे ओझे दोघांनाही चुकले नाही. २०१० च्या आवृत्तीत एक्सेलने प्रमाण विचलनाची दोन नवी, अधिक स्पष्ट नावे आणली : एक नमुन्यासाठी, दुसरे संपूर्ण समष्टीसाठी. तरी जुने, संदिग्ध नाव काढता आले नाही. लाखो फाइली त्यावर विसंबून होत्या.

२२.
या इतिहासातून भाषांतरकारासाठी काही कसोट्या निष्पन्न होतात. शब्द संख्याशास्त्राचा आहे की संगणकाचा, हे आधी पाहावे. ‘एरर’ ही यूल यांची त्रुटी असू शकते किंवा आज्ञा चुकल्याची साधी सूचना. दोहोंस एकच मराठी शब्द दिला तर घोटाळा ठरलेला. संज्ञेची जन्मकथा आणि आजचे कार्य वेगळे झाले असतील, तर कार्यास प्राधान्य द्यावे. जवळच्या दोन कल्पनांची नावे शेजारी ठेवून, ती पुरेशी वेगळी आहेत का, हे तपासावे. आणि संदेश तुटक असेल, तर अंदाजाने भरण्याऐवजी मूळ रचनाकारांना विचारावे. या विचारण्यात कमीपणा नाही. कित्येकदा अशा प्रश्नामुळेच मूळ इंग्रजी वाक्यातील संदिग्धता प्रथम उघड होते.

२३.
आता ‘रेसिड्युअल स्टँडर्ड एरर’चा निर्णय. शब्दशः भाषांतर ‘अवशिष्ट प्रमाण त्रुटी’ असे होईल. इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून शिकणाऱ्यास ते सोयीचे, पण शिकवणीत चुकीचे. ‘अवशेषांचे प्रमाण विचलन’ असे लिहिले, तर अर्थ बिनचूक होतो. मात्र इंग्रजी उत्तराशी ताडून पाहणारा क्षणभर थबकतो. त्या क्षणभराच्या थबकण्याचा उपाय तळटीपेतील एका वाक्याने होऊ शकतो. चुकीच्या संज्ञेवर वर्षानुवर्षे पोसलेल्या गैरसमजाला तसा सोपा उपाय नाही.

२४.
इंग्रजीस हे नाव बदलता येत नाही, कारण तिच्यात ते असंख्य वेळा छापले गेले आहे. ज्या भाषेत ते अजून रूढ व्हावयाचे आहे, तिच्यावर हे ओझे नाही. उशिरा येणाऱ्यास आधीच्यांच्या चुका दिसतात, एवढा एक लाभ त्याच्या पदरी असतो. परंतु हा लाभ फार काळ टिकत नाही. पहिली आवृत्ती प्रसिद्ध होते, पहिला विद्यार्थी ती ओळ वहीत उतरवून घेतो, पहिल्या प्रबंधात ती छापली जाते, आणि शब्द गोठू लागतो. शब्दाचा अर्थ नीट विचारून घेण्याची वेळ त्याच्या आधीची असते.